मृगाजिनाला लागलेली कसर

फ्रान्सीनं माशी खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा मिटून पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली. सासूनं नव्या सुनेची पहिली पोळी ताटाच्या कडेला सारावी, तशी.

“दुकानातले केस,” तो म्हणाला.

सतीशनं मान खाली घातली. आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात हाच सतीश मोठमोठ्या ऑपरेशनांना भूल द्यायचा, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय सर्जन सुरीला हात लावत नसत. पण शेजारच्या फ्रान्सी मॅकगिन्लीच्या स्वयंपाकघरात तो इतकी वर्षं झाली तरी शिकाऊच. माशी म्हणजे काही खरी माशी नव्हे. गळावर दोरा आणि हरणाचे केस बांधून केलेलं सोंग. संध्याकाळी तळ्यावर तपकिरी पाखरं उतरतात, त्यातलंच हे एक आहे असं ट्राउट माशाला वाटावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

“चांगले महागाचे केस आहेत,” सतीश म्हणाला.

“असतील. रंगवलेत, उकळलेत, जीव काढून घेतलाय त्यातला. पाण्यावर पडले की चहातल्या बिस्किटासारखे बसतील.” फ्रान्सीनं चष्मा काढून स्वेटरला पुसला. त्याची पंच्याऐंशी जवळ आली होती आणि बोटं आता दोरा धरायला राजी नव्हती. “हे बघ डॉक, शनिवारी आपण तळ्यावर जाऊ. माझी ती शेवटची खेप. मोसम संपला की मुलगी मला तिच्या घरी, डेरी शहरात नेणार आणि या घरापुढं विक्रीची पाटी लागणार. शेवटच्या खेपेला मला तुझ्या वडिलांच्या आसनाचे केस हवेत.”

“ते नाही, फ्रान्सी.”

“का नाही? कातडं मीच दिलं होतं.”

“दिलं होतंस. पण आता ते देवघरात आहे. दुसरं काहीही माग.”

फ्रान्सी चहाचं पाणी ठेवायला उठला. तो तसा उठला म्हणजे विषय संपलेला नसतो, हे सतीशला ठाऊक होतं.

कातडं फ्रान्सीनंच दिलं होतं ही गोष्ट खरी. सतीश आणि त्याची बायको पद्मिनी या गावात आले तेव्हा ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. गाडी घेईपर्यंत दूध आणायचं तरी मैलभर पावसातून चालायचं. फ्रान्सीनं मधल्या भिंतीवरून विचारलं होतं, मासे धरतोस का? सतीश म्हणाला, आम्ही मासे खात नाही. “खायला कोण सांगतंय?” फ्रान्सी म्हणाला, आणि झाली दोस्ती.

मग एका हिवाळ्यात त्यानं ओळखीच्या शिकाऱ्याकडून हे कातडं आणून दिलं, मीठ लावून नीट कमावलेलं. थंडीतल्या हरणाचा केस आतून पोकळ असतो, हवेनं भरलेला, म्हणून तो तरंगतो. फ्रान्सीनं धडे दिले ते असे, की वैद्यकीय कॉलेजातले मास्तर मवाळ वाटावेत. पेन्सिलीएवढा जुडगा कातड्यालगत कापायचा. मुळाशी असलेली बारीक लव विंचरून काढायची, नाहीतर माशी पाणी पिते. जुडगा शेंडे खाली करून पितळेच्या छोट्या नळकांड्यात टाकायचा आणि टेबलावर ठकठक आपटायचा, की सगळे शेंडे एका ओळीत येतात. मग गळावर धरून दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि ओढायचं. ओढ बसली की बुडखे एकदम चहूबाजूंनी फुलून उभे राहतात. पहिल्यांदा ते बघून सतीश खुदकन हसला होता. मग फुललेलं डोकं कात्रीनं गोल करायचं. शेंड्यांना मात्र हात लावायचा नाही. शेंडे म्हणजे पंख. त्यातला एक जरी मोडका निघाला तरी फ्रान्सी अख्खी माशी उसवायला लावायचा.

एवढं सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात अण्णा आले.

अण्णा म्हणजे सतीशचे वडील, पद्माकर. मिरजेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आई गेल्यावर घरात एकटेच, म्हणून सतीशनं त्यांना उन्हाळाभर बोलावून घेतलं. सकाळ-संध्याकाळ संध्या, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. शेजारी सुकट भाजली म्हणून त्यांनी तरुणपणी एकदा भाड्याची खोली सोडली होती. अशा माणसाला मुलगा मासे धरतो हे कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारसुद्धा सतीशनं केला नाही. सगळं सामान त्यानं जिन्याखालच्या प्रेसमध्ये कोंबलं. तिकडे कपाटाला प्रेसच म्हणतात.

पण मास्तरांना केर दिसला की केरसुणी शोधायची सवय. आल्या आठवड्यातच त्यांनी ते प्रेस उघडलं.

सतीश हॉस्पिटलातून आला तेव्हा अण्णा मागच्या सनरूममध्ये होते. सनरूम आपली नावाला, ऊन क्वचितच यायचं. पण पूर्वेकडची खोली म्हणून पद्मिनीनं देव तिथं मांडले होते. देवांपुढं, फरशीवर, ते कातडं अंथरलेलं आणि त्यावर अण्णा मांडी घालून बसलेले. चेहरा असा, की परीक्षेत शाळेचा पहिला नंबर आलाय.

“लेका, बोलला नाहीस की कधी!”

“काय, अण्णा?”

“काय म्हणून काय विचारतोस? मृगाजिन! आपल्याकडं आता कायद्यानं बंदी. माझ्या मुंजीत बोटभर तुकडा जानव्याला बांधला होता, तोसुद्धा भटजी परत घेऊन गेले. आमच्या आजोबांचं होतं एक, ते कसरीनं खाल्लं. आणि तू सातासमुद्रापलीकडं अख्खं बाळगून आहेस, आणि ठेवतोस कुठं, तर जिन्याखाली!”

सतीशनं तोंड उघडलं. मागं पद्मिनी उभी होती, तिनं डोळे मोठे केले. आता अशा वेळी ‘अण्णा, हे मासे फसवायला आणलंय’ असं सांगणारा मुलगा एक तर संत असावा नाहीतर गाढव. सतीश दोन्ही नव्हता.

“तुम्हाला आवडलं ना? मग झालं,” तो म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याच संध्याकाळी मिरजेला फोन गेले. आमच्या सतीशनं परदेशात राहून मृगाजिन मिळवलंय, हे मावश्या, चुलते आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू अशा सगळ्यांना कळलं. आईची उणीव त्या घरात अण्णांना पहिल्यांदाच थोडी कमी भासली असावी, कारण त्या रात्री ते पोटभर जेवले.

आता पंचाईत अशी झाली, की तळ्यावर तेच दिवस ऐन भराचे होते आणि केस तर देवाच्या दारी गेलेले. मग सतीश चोरी करायला लागला. अण्णा आंघोळीला गेले, की हा कात्री घेऊन सनरूममध्ये. एका कडेचा जुडगा कापायचा, खिशात घालायचा आणि कातडं पुन्हा नीट करायचं. पन्नाशीकडे झुकलेला भूलतज्ज्ञ, पण छाती अशी धडधडायची जसा काही बरणीतला लाडूच पळवतोय.

टक्कल वाढत गेलं.

“पद्मिनी, याला कसर लागली वाटतं गं,” अण्णा एकदा म्हणाले. पद्मिनीला ठसका लागला. अण्णांनी देवाजवळच्या डबीतला कापूर चुरून सगळ्या कातड्यावर पेरला. पुढं कितीतरी दिवस सतीशच्या माश्यांना कापराचा वास यायचा, आणि फ्रान्सी म्हणायचा की ट्राउट आता देवधर्माला लागणार.

मग अण्णांनी बसायची जागा बदलली. मधे बसायचे ते एका कडेला सरकून बसायला लागले, टक्कल पडलेल्या बाजूला. अर्धे कातड्यावर, अर्धे फरशीवर.

“अण्णा, नीट मधे बसा की. एवढं मोठं आहे.”

“असंच बरं वाटतं मला. गुडघा मोकळा राहतो.”

सतीशनं मनातल्या मनात संधिवाताचं निदान केलं आणि गोळ्या आणून दिल्या. अण्णांनी त्या निमूटपणे घेतल्या. दोन-चार दिवसांनी कातड्यावरून हात फिरवत ते म्हणाले, “मोठी चोखंदळ कसर आहे हो ही. वेडंवाकडं खात नाही. अगदी सरळ रेषेत.” सतीशनं पेपरात डोकं खुपसलं. चोराच्या मनात चांदणं.

संध्याकाळी अण्णा मधल्या भिंतीपाशी फ्रान्सीशी गप्पा मारत उभे राहायचे. एकाचं इंग्रजी मिरजेच्या शाळेतलं, दुसऱ्याचं डोनेगॉलच्या डोंगरातलं. दोघांना एकमेकांचं किती कळायचं देव जाणे, पण हसायचे मात्र दोघं एकाच वेळी.

जायच्या दिवशी अण्णांनी कातडं स्वतः झटकलं, घडी घातली आणि देवांखालच्या फळीवर ठेवलं. “राहू दे इथंच. पुन्हा आलो की लागेल.” ते पुन्हा आले नाहीत. ते गेल्यानंतरची दुसरी दिवाळी झाली आणि एका पहाटे मिरजेहून फोन आला. सतीश पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून त्या कातड्याला कात्री लागली नव्हती. दिवाळीत आणि श्राद्धाच्या दिवशी तो ते घडीसकट खाली काढायचा, वरची धूळ पुसायचा आणि परत ठेवायचा. उलगडायचा नाही. उलगडलं की ते टक्कल दिसलं असतं. देवापुढं डोळे मिटून बसलेल्या भोळ्या माणसाला आपण एक अख्खा उन्हाळा फसवलं, आणि सांगायचं राहूनच गेलं, ही गोष्ट त्याला इतक्या वर्षांनीही झोंबायची.

फ्रान्सीनं चहाचे मग टेबलावर ठेवले.

“देवघराचं मला कळतं, डॉक. पण खरं कारण सांग.”

सतीशनं सांगितलं. “त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, की ते मी देवासाठी आणलं. जिवंतपणी त्यांच्या पाठीमागं कापलं ते कापलं. आता ते नसताना पुन्हा कापायला हात धजत नाही.”

फ्रान्सीनं चहातला चमचा काढून खाली ठेवला.

“मी तुझ्या वडिलांना शब्द दिला होता,” तो म्हणाला. “पण आता मी डेरीला चाललोय, आणि ते त्याहून लांब गेलेत. त्यांना सगळं माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“सगळं. एका संध्याकाळी भिंतीपाशी आले. हातात माशी होती, तुझ्या कोटाच्या कॉलरला अडकलेली त्यांना सापडलेली. त्यांनी ती माझ्या नाकाखाली धरली. कापराचा घमघमाट! म्हणाले, हा माझा कापूर आहे, आता हे काय आहे ते तुम्ही सांगा. मास्तर माणूस, खोटं बोलायची सोय होती का?”

सतीशनं हातातला मग टेबलावर ठेवला.

“दोन गोष्टी विचारल्या त्यांनी. पहिली, माझा मुलगा मासे मारतो का? मी म्हटलं, मारतो कसला, एकूणएक सोडून देतो, त्यापायी माझं डोकं उठतं. ते ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. मग दुसरी गोष्ट. विचारलं, यात कामाचे केस कुठले? मी सांगितलं, पाठीचे. पण शेंडे मोडता कामा नयेत, मोडले की संपलं. बसून बसून मोडतात का, असं विचारलं. मी म्हटलं, मोडणारच की. तेव्हा मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून...”

“कडेला बसायला लागले,” सतीश म्हणाला.

“ते मला माहीत नाही. मी काही तुमच्या पूजेला येत नव्हतो. मी त्यांना म्हटलं, मुलाला सांगून टाका, बिचारा रोज चोरी करतोय. तर म्हणाले, नको. आपण लपलोय असं त्याला वाटतंय. वाटू दे.”

सतीश उठून खिडकीशी गेला. मिरजेच्या घरात कोठीच्या खोलीत एक पडदा होता. लहानपणी त्याची लपायची जागा एकच, त्या पडद्यामागं. खाली दोन्ही पाय दिसायचे. अण्णा शाळेतून यायचे, टोपी खुंटीला अडकवायचे आणि घरभर शोधत हिंडायचे. हंड्यात बघायचे, पलंगाखाली बघायचे, आईला विचारायचे, “अगं, सतीश कुठं गेला? सकाळी तर होता.” आणि पडद्यामागं सतीश तोंडावर हात दाबून, आपल्यासारखा हुशार कोणी नाही अशा खुशीत उभा असायचा. तो रडायला लागला. फ्रान्सीनं त्याच्याकडे पाठ केली आणि नळ सोडून उगीचच मग धूत बसला.

घरी आल्याआल्या सतीशनं कातडं खाली काढलं आणि पहिल्यांदा पूर्ण उलगडलं. कापराचा वास कधीच उडून गेला होता. पद्मिनी मीटिंग अर्धी टाकून, कानातले हेडफोन काढत आली.

“काय झालं? ते का काढलंस?”

त्यानं सांगितलं. मग विचारलं, “तुला माहीत होतं?”

“कसर सरळ रेषेत खात नाही, एवढं मला माहीत होतं,” ती म्हणाली. “आणि ते अण्णांनाही माहीत असणार, असं वाटायचं. पण पुढचं नाही रे.”

दोघं वाकून बघत राहिले. एका कडेला टक्कल, सतीशच्या कात्रीचं. त्याला लागून अर्ध्या मांडीएवढ्या जागेत केस चेपलेले, मोडलेले, भुशासारखे. आणि तिथून पुढं सगळी पाठ, मानेपासून शेपटीपर्यंत, जशी फ्रान्सीनं आणून दिली तशीच. करडी, दाट, प्रत्येक केसाला काळा, अणकुचीदार शेंडा. एकही मोडलेला नाही. अण्णांनी ती राखली होती. राखून, घडी घालून ठेवली होती, आणि हा वेडा घडीवरची धूळ पुसत बसला होता.

त्यानं कात्री आणली. पद्मिनीनं न सांगता दिवा जवळ ओढला. त्यानं ऐन मधोमध, पाठीच्या कण्यावरचा जुडगा धरला आणि कापला.

शनिवारी वारा बेताचा होता. सतीशनं फ्रान्सीला दोन्ही हातांनी धरून होडीत बसवलं, पाय ब्लँकेटात गुंडाळले आणि वल्ही हातात घेतली. फ्रान्सीनं नवी माशी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. शेंड्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ काहीतरी खोड काढायच्या तयारीत बसला आणि मग फक्त म्हणाला, “ग्रँड.” इतक्या वर्षांत ही पदवी सतीशला पहिल्यांदाच मिळाली.

माशी पाण्यावर पडली आणि उभी राहिली. लाटेवर चढायची, पलीकडे उतरायची, पण बुडायची नाही. दुपार कलली तेव्हा तिच्याखालचं पाणी फुगलं आणि फ्रान्सीची काठी वाकली. मासा चांगला मोठा, सोनेरी पोटाचा. एरवी असा मासा फ्रान्सीच्या तव्यावरच जायचा. त्यानं तो जाळीत घेतला, गळ सोडवला आणि जाळी पाण्यात बुडवून धरली. मासा क्षणभर तिथंच राहिला, मग गेला.

“आज मास्तरांच्या नियमानं,” फ्रान्सी म्हणाला. माशी त्यानं आपल्या टोपीला टोचून घेतली. “ही मी डेरीला नेणार. चालेल?”

“चालेल की. मी अजून करून देतो. खूप केस आहेत.”

“ठाऊक आहे मला,” फ्रान्सी म्हणाला.

रविवारी सकाळी सतीशनं आंघोळ केली. संध्या त्याला अर्धवटच येत होती, तरी त्यानं सनरूममध्ये जाऊन देवांपुढं कातडं अंथरलं. क्षणभर तो उभा राहिला. मग कडेला सरकून, जिथं केस मोडलेले होते तिथं, अण्णांच्या जागेवर बसला. मांडी घालताच डावा गुडघा कातड्यावरून उतरला आणि उघड्या फरशीला टेकला.

फरशी बर्फासारखी गार होती. आयर्लंडमधला उन्हाळा काही यापेक्षा फार निराळा नसतो. सत्तरी उलटलेला, मिरजेच्या उन्हात वाढलेला माणूस इथं रोज सकाळ-संध्याकाळ असा बसला होता. आणि आपण त्याला संधिवाताच्या गोळ्या दिल्या होत्या.

पद्मिनी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

“अरे, नीट मधे बस ना. एवढं मोठं आहे.”

“राहू दे,” सतीश म्हणाला. “असंच बरं वाटतं. गुडघा मोकळा राहतो.”